झूम आयपीसची पारख : लातूर ते औसा, हिवाळा २०२४-२५

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पार्सल दुपारी आलं. सात ते एकवीस मिलिमीटरचा झूम आयपीस (दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग, कडं फिरवून लहान-मोठं दाखवणारं), सव्वा इंची नळी, सगळा खर्च धरून साडेपाच हजारांच्या आत.

कशासाठी घेतला ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे पारख करताना भरकटणार नाही. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी दुर्बीण नेली की वीस-पंचवीस माणसं जमतात. पंचवीसच्या आयपीसमधून गुरू धरायचा, तो आयपीस काढायचा, अंधारात खिशातून नऊचा काढून बसवायचा, पुन्हा फोकस करायचा. दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळे तेवढ्यात गुरू निसटलेला असतो आणि रांगेतलं पहिलं पोर "काहीच दिसंना" म्हणत मागे वळतं. त्या पोराचं ते वळणं मला फार लागतं. म्हणून प्रश्न एवढाच: ग्रह बघायला हा एक आयपीस माझ्या नेहमीच्या आयपीसांची जागा घेऊ शकतो का, आणि घेतली तर काय गमवावं लागेल?

दुर्बीण नेहमीचीच. सहा इंची न्यूटनी, आरसा १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ ८ (१२०० भागिले १५०), डॉब्सन बैठकीवर, म्हणजे हातानं वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवायच्या साध्या बैठकीवर. विशालनाचा हिशेब सोपा आहे, १२०० ला आयपीसच्या आकड्यानं भागायचं: २१ वर ५७ पट, १४ वर ८६, १० वर १२०, ७ वर १७१. तुलनेला घरातलेच आयपीस: दुर्बिणीसोबत आलेले २५ आणि १० चे प्लॉस्ल (एक साधी, जुनी रचना), शिवाय जास्त क्षेत्र दाखवणारे सोनेरी पट्टीचे ९ आणि ६.

कड्यावर छापलेले आकडे खरे आहेत का, हे दिवसाउजेडीच तपासलं. दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे रोखली आणि आयपीसच्या मागे ट्रेसिंग पेपर धरला. कागदावर प्रकाशाचा जो छोटा गोल उमटतो तो म्हणजे मुख्य आरशाची प्रतिमा. मधोमध दुय्यम आरशाचा काळा ठिपकाही दिसतो. या गोलाच्या व्यासाला ८ ने गुणलं की आयपीसचं खरं नाभीय अंतर मिळतं. चष्म्याचं दुकान असल्यानं व्हर्नियर आणि भिंग हाताशीच असतं. २१ च्या खुणेवर गोल २.६ मिमी भरला, म्हणजे २०.८. ७ च्या खुणेवर ०.९, म्हणजे ७.२. एवढ्या लहान गोलात केसभर चूक झाली तरी उत्तर हलतं, पण आकडे फसवे नाहीत एवढं नक्की.

दिव्यासमोर धरून आत पाहिलं. एका भिंगाच्या कडेला बारीक धुळीचा कण आहे. कडं फिरवायला थोडं जड. त्यावरचं रबर मात्र सैल वाटतंय.

२५ नोव्हेंबर

वजन २९० ग्रॅम. दुर्बीण क्षितिजाकडे झुकवली की तोंडाकडून आपोआप खाली जाते. नळी लोखंडी पत्र्याची आहे, म्हणून जुन्या स्पीकरमधली दोन लोहचुंबकं तळाशी चिकटवली. तोल साधला.

२८ नोव्हेंबर, रात्री साडेदहा, घरची गच्ची

क्षेत्र किती दिसतं ते मोजलं. यासाठी मृगाच्या बाणातला पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, अगदी सोयीचा. तो आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे आयपीसमधून सेकंदाला १५ विकला या वेगानं सरकतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). दुर्बीण स्थिर ठेवायची, तारा एका कडेतून आत येऊन मधोमध जात दुसऱ्या कडेबाहेर पडेपर्यंत घड्याळ लावायचं. प्रत्येक खुणेवर तीनदा.

२१ वर २ मिनिटं ४६ सेकंद. १४ वर २ मिनिटं ६ सेकंद. ७ वर १ मिनिट १८ सेकंद. २५ चा प्लॉस्ल ४ मिनिटं १० सेकंद.

याचा अर्थ, २१ वर आकाशाच्या फक्त साडेएकेचाळीस कला दिसतात. डोळ्याला भासणारं क्षेत्र जेमतेम ४० अंश, नळकांड्यातून बघितल्यासारखं. फिरवत ७ कडे नेलं की तेच साधारण ५५ अंशांपर्यंत उघडतं. झूम आयपीसचा हा उलटा स्वभाव ऐकून होतो, आज सेकंदांत मोजला. जिथे विस्तार हवा तिथे तो आखडतो. कृत्तिका यात मावणार नाहीत, देवयानी दीर्घिका तर सोडाच. पण ग्रह मावायला कितीशी जागा लागते!

कडं फिरवल्यावर फोकस किंचित बदलतो. २१ वर नीट केलेला तारा ७ वर फुगलेला दिसतो. फोकसचं चाक बोटभर फिरवावं लागतं. नऊचा आयपीस नव्यानं बसवून फोकस करण्यापेक्षा हे पुष्कळ कमी.

१ डिसेंबर

फेंगल वादळ काल रात्री पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि इकडे आभाळ भरून आलं. गावाकडून फोन आला, तुरीच्या फुलाची सगळ्यांना काळजी लागली आहे.

४ डिसेंबर

ढग.

७ डिसेंबर, गच्ची

आज गुरूची प्रतियुती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. बिंबाचा व्यास ४८ विकला, यापेक्षा मोठा या वर्षी दिसणार नाही. रोहिणीच्या वरच्या अंगाला इतका तेजस्वी की खालच्या गल्लीतली माणसंसुद्धा मान वर करून विचारत होती.

आपल्याकडे गुरू यंदा जवळजवळ डोक्यावरून जातो. लातूर साडेअठरा अक्षांशांच्या आतबाहेर, गुरू विषुववृत्ताच्या २२ अंश उत्तरेला. सव्वाबाराच्या सुमारास तो माथ्यापासून जेमतेम चार अंशांवर होता. एवढ्या उंचीवर वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो आणि रंग फाटत नाहीत, हे आपल्या भागाचं भाग्यच. पण डॉब्सन बैठकीवरची दुर्बीण नेमकी तिथेच अडते. नळी उभी झाली की ग्रहामागे जायला डावी-उजवीकडे प्रचंड फिरवावी लागते. म्हणून खरं काम साडेनऊ ते अकरा या वेळेत उरकलं.

२१ वर: लख्ख चकती, दोन पट्टे, चंद्र टाचणीच्या टोकासारखे. ५७ पटीला गुरू नुसत्या डोळ्यांच्या चंद्राच्या दीडपट भासतो.

७ वर: साडेचारपट. पण चकती उकळत होती. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, शेजारी पत्र्याची दोन छपरं, त्यांची ऊब वर येत राहते. सीइंग, म्हणजे हवेची स्थिरता, अँटोनियाडी पट्टीवर ४; या पट्टीत १ सर्वांत स्थिर, ५ सर्वांत वाईट. हळूहळू मागे येत गेलो. ९, १०, ११. बाराच्या खुणेच्या आसपास उत्तरेकडच्या पट्ट्याची कड एकदम ठरली आणि त्यात गाठी दिसायला लागल्या. साडेबारावर थांबलो.

माझ्याकडे बारा-तेराचा आयपीसच नाही. नऊ नाहीतर पंचवीस, मध्ये दहा. म्हणजे गेली तीन वर्षं अशा रात्री मी एकतर उकळती चकती बघत होतो, नाहीतर लहान. आजच्या नोंदीतली सर्वांत मोलाची गोष्ट ही.

८ डिसेंबर

चष्म्याची तपासणी. माझ्या उजव्या डोळ्याला सव्वाचा सिलिंडर आहे. चष्मा काढून २१ च्या खुणेवर व्याध पाहिला तर त्याला दोन बाजूंनी शेपट्या. चष्मा घातल्यावर गेल्या. ७ च्या खुणेवर चष्मा असो-नसो, काही फरक नाही. कारण दुकानात रोज समजावून सांगतो तेच: बाहेर पडणारा प्रकाशाचा गोल ०.९ मिमीचा असला की तो बुबुळाच्या मधल्या इवल्याशा भागातून आत जातो, आणि तेवढ्या भागात सिलिंडरचा वाकडेपणा जाणवत नाही. गोल २.६ मिमीचा झाला की जाणवतो. जवळचा-लांबचा नंबर तर फोकसनं भरून निघतोच.

म्हणजे रांगेतल्या चष्मेवाल्यांना मोठ्या विशालनावर चष्मा काढायला बिनधास्त सांगता येईल. चष्म्यासकट बघायचं असेल तर रबरी कप दुमडावा लागतो. तरीही मधल्या खुणांवर क्षेत्राची कड थोडी कापली जाते. वयस्कर माणसांना ७ च्या खुणेवर डोळ्यातले तरंगते ठिपके दिसतील. ते दुर्बिणीतले नव्हेत, हे आधीच सांगून ठेवायचं. गावचे तात्या नक्की घाबरतील.

१४ डिसेंबर

चंद्र जवळजवळ पूर्ण आणि शेजारीच गुरू. चंद्र क्षेत्राच्या अगदी बाहेर ठेवून गुरूकडे पाहिलं तर एका बाजूनं दुधट झाक आत येते. नऊच्या सोनेरी पट्टीतही येते, तेवढीच.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या, गाव

सकाळपासून शेतात. लातूरकडच्या माणसाला या दिवसाचं वेगळं सांगायला नको: कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, आणि अख्खं लातूर शहर शिवारात. संध्याकाळी पोरांनी हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवला. धूर खाली बसेपर्यंत थांबलो. आमचं गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं; रस्ते रुंद, घरं बैठी, शिवार लगेच सुरू. अमावस्येचा अंधार आणि चारी बाजूंनी उघडं क्षितिज. दुर्बीण हरभऱ्याच्या कडेला, जमिनीवर ठेवली. पाऊण तास नुसती थंड होऊ दिली.

माणसं मोजली, एकतीस.

शुक्र पहिला. अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरलेला, पोरं "चंद्र, चंद्र" करत होती. मग शनी. यंदा त्याची कडी जवळजवळ कडेवरून दिसतात, मार्चमध्ये तर पृथ्वी त्यांच्या पातळीतूनच जाणार आहे, त्यामुळे गोळ्यातून आरपार सुई खुपसल्यासारखं दिसत होतं. चुलत आज्जीनं बराच वेळ डोळा लावला. "आज्जी, दिसलं का तुला?" तर म्हणाली, "दिसलं की. चातीवानी हाय." कापसाचं सूत काढायची चाती, तबकडीतून आरपार गेलेली सळई. याहून नेमकी उपमा मला आजवर सुचली नव्हती.

झूमचा खरा उपयोग इथे कळला. प्रत्येक वेळी २१ वर ग्रह धरला, मधोमध आणला, कडं फिरवलं, फोकसला बोट लावलं आणि बाजूला झालो. एकदाही ग्रह हरवला नाही. एकतीस माणसांना तीन ग्रह दाखवायला दोन तासांच्या आत वेळ लागला. नोव्हेंबरात वीस माणसांना एकट्या गुरूसाठी तेवढा लागला होता.

मग तात्या आले. "ह्याच्यात फिरवायचं काय हाय?" म्हटलं, "तात्या, हे कडं हळूच फिरवा. मोठं होईल. तुम्हाला जिथं चांगलं दिसंल तिथं थांबा." त्यांनी फिरवलं, पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा थोडं पुढे. मी फोकस सांभाळत होतो. शेवटी म्हणाले, "हितं. ह्याच्या म्होरं मोठं होतंय, पण भुरकट होतंय. काय उपयोग?" लाल टॉर्च मारून खूण पाहिली. साडेनऊ. सव्वाशे पटींच्या आसपास. त्यांच्या आधी मी स्वतः नऊवर थांबलो होतो.

ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं सीइंग, विभेदन असे शब्द लावून लोकांना समजावत होतो, ती तात्यांनी अर्ध्या मिनिटात हातानं शोधली. किती मोठं करायचं हे त्या रात्रीची हवा ठरवते, आणि कडं हातात असलं की कुणालाही ते ठरलेलं कळतं. मग खुणेवर चिकटपट्टी लावली आणि आणखी दहा जणांना तसंच करायला सांगितलं. आठ जण साडेआठ ते दहाच्या मध्ये थांबले. दोघं पोरं थेट ७ वर. त्यांना मोठंच हवं होतं.

एक बिघाडही झाला. एवढ्या हातांनी फिरवल्यावर कड्यावरचं रबर निसटलं. रबर फिरतं, कडं जागचं हलत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवून रात्र भागवली.

५ जानेवारी २०२५, गच्ची, सीइंग ३

आमनेसामने. झूम ९ च्या खुणेवर विरुद्ध सोनेरी पट्टीचा ९.

गुरू मधोमध: दहा मिनिटं अदलाबदल केली. पट्ट्यांचा ठळकपणा सोनेरी पट्टीत किंचित जास्त. विषुववृत्तीय पट्ट्यातून निघणारी निळसर झालर नऊमध्ये तीन वेळा दिसली, झूममध्ये एकदा. फरक आहे, लहान आहे, आणि तो नाकारणार नाही.

कडेला: झूम मागे. शेवटच्या चौथाईत तारा पसरतो. सोनेरी पट्टीही कडेला फार स्वच्छ नाही, पण तिचं क्षेत्र मोठं असल्यानं गुरू जवळपास दोन मिनिटं राहतो, झूममध्ये दीड.

पुनर्वसूचा कॅस्टर: जोडीतलं अंतर साडेपाच विकला. झूममध्ये २१ वर दोन दाणे जवळजवळ चिकटून, १४ वर मोकळे. दोन्ही आयपीसांत सारखेच.

मृगातला राजन्य (रायजेल): याच्या साडेनऊ विकलांवर अंधुक जोडीदार आहे, मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात बुडालेला. नऊमध्ये थेट दिसला. झूममध्ये माहीत होतं म्हणून दिसला. आत प्रकाश थोडा विखुरतो याचा हा पुरावा.

दहाचा प्लॉस्ल झूमपेक्षा सरस ठरला नाही, आणि त्यात डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या भिंगाला घासतात.

११ जानेवारी, गाव

दिवसा हुरडा, संध्याकाळी शुक्र. काल तो सूर्यापासून सर्वांत दूर, ४७ अंशांवर होता, आज बरोबर अर्धा. इतक्या झगमगीत गोष्टीवर आयपीसचे दोष लपत नाहीत. ८ ते १० च्या खुणांमध्ये एक फिकट भूत दिसलं: शुक्र मधोमधून उजवीकडे नेला की ते डावीकडे जातं. भिंगांच्या पृष्ठभागांमधलं परावर्तन आहे. ७ वर ते पसरून दिसेनासं होतं.

कडेला नेल्यावर शुक्राला एका बाजूनं निळी, दुसऱ्या बाजूनं तांबडी किनार येते. आरशाच्या दुर्बिणीत आरसा रंग फाडत नाही, म्हणजे दोष आयपीसचा किंवा हवेचा. शुक्र उंच असताना मधोमध आणला तर किनार गेली. म्हणून ती आयपीसची. साडेआठला तो खाली उतरल्यावर मधोमधही वर-खाली किनार दिसू लागली; ती हवेची. नवीन माणूस या दोन्हींची गल्लत हमखास करतो.

१६ जानेवारी, गाव, सीइंग २, क्वचित १

मंगळाची प्रतियुती. साडेचौदा विकला, म्हणजे ७ वरसुद्धा नुसत्या डोळ्यांच्या चंद्राहून जरासाच मोठा. ज्वारी पोटऱ्यात-कणसात उभी, वारा पूर्ण पडलेला. पाणी देणाऱ्यांच्या मोटारींचा आवाज सोडला तर शिवार गप्प.

आज हवेनं काहीच रोखलं नाही. कडं फिरवत गेलो आणि ७ वर जाऊन अडलो. उत्तर ध्रुवावरची पांढरी टोपी पक्की, दक्षिणेकडे काळसर पट्टा. अजून पुढे जावंसं वाटत होतं आणि कडं संपलं. सहाचा सोनेरी पट्टीचा बसवला, २०० पट. टोपीची कड धारदार झाली, तिच्याभोवतीची काळी किनार वेगळी दिसली, पट्ट्यातला एक खाचेसारखा भाग मोकळा झाला. मग झूमला दुप्पट बार्लो (विशालन दुप्पट करणारं जोडभिंग) लावून १२ वर आणला. विशालन तेवढंच, पण प्रतिमा मऊ आणि अंधुक. सहाच्या जवळपासही नाही.

एक वाजेपर्यंत सहावरच होतो.

२६ जानेवारी, दुकान

रबर काढलं. खाली कड्याचे तीन बारीक स्क्रू, त्यातला एक अर्धा बाहेर आलेला. चष्म्याच्या पेचकसानं तिन्ही बसवले, रबर पातळ चिकटद्रव्यानं चिकटवलं. अंधारात बोटाला कळावं म्हणून २१ वर एक, १४ वर दोन आणि ९ वर तीन अशा नखरंगाच्या ठिपक्या उठावदार वाळवल्या. आतल्या धुळीच्या कणाला हात लावला नाही. ग्रह बघताना तो एकदाही दिसलेला नाही.

८ फेब्रुवारी, गच्ची

पेटीत आता काय राहतंय: झूम कायम दुर्बिणीत. सहाचा कायम, मंगळासारख्या रात्रींसाठी. २५ चा प्लॉस्ल कृत्तिका आणि तारकागुच्छांसाठी. नऊचा सोनेरी पट्टीचा मोठ्या बहिणीच्या मुलीला दिला. तिच्या ७६ मिमीच्या दुर्बिणीत बरा चालेल. तो देताना जीव थोडा अडकला, कारण ५ जानेवारीची निळसर झालर त्यातच दिसली होती. दहाचा कपाटात.

आज वारं आहे, सीइंग ४. गुरू संध्याकाळीच माथ्यावर आल्यानं नळी उभीच्या उभी झाली. कडं तेरावर थांबलं. वीस मिनिटांत आवरलं.